लंडनहून एडिनबराला रेल्वेने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "आई-बाबा मे महिन्यात येतायत, एडिनबरा दाखवायचंय, गाडीचं कसं करू?" प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. प्रवास कसा सुरू होतो यावर पुढचे चार दिवस कसे जाणार हे बरंच ठरतं, आणि थोड्या माहितीअभावी लोकांचे शंभर-दोनशे पौंड जातात तेव्हा फार वाईट वाटतं.

वाचण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्याकडे काळजी असते ती तिकीट कन्फर्म होईल की नाही याची. वेटिंग, आरएसी, चार्ट कधी लागतो, सगळा जीव त्यात. ब्रिटनमध्ये वेटिंग लिस्ट हा प्रकारच नाही. इथे बघायचं ते हे की, हातातलं तिकीट कोणत्या गाडीला बांधलेलं आहे आणि किती घट्ट बांधलेलं आहे. खालची अर्धी उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

गाडी कुठून सुटते आणि किती वेळ लागतो?

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून. उतरायचं एडिनबरा वेव्हर्लीला. अंतर साधारण ६३० किलोमीटर, वेळ साडेचार तासांच्या आसपास. गाड्या ताशी १२५ मैल म्हणजे २०० किलोमीटरच्या वेगाने धावतात. दिवसभर साधारण दर तासाला एक तरी थेट गाडी असते.

ॲपमध्ये कधीकधी युस्टन स्थानकावरून एडिनबराला जाणारी गाडीही दिसते. ती पश्चिमेकडच्या मार्गाने, बर्मिंगहॅमवरून फिरून जाते आणि तासभर तरी जास्त घेते. तिकीट काढताना सुटण्याचं स्थानक दोनदा वाचा. युस्टन आणि किंग्ज क्रॉस यांच्यात चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे. बॅगा ओढत आणि घड्याळाकडे बघत ते कापावं लागलं तर फार लांब वाटतं.

एकाच मार्गावर वेगवेगळ्या कंपन्या कशा?

१९९३च्या कायद्यानंतर ब्रिटिश रेल्वेचं खासगीकरण झालं आणि गाड्या चालवण्याचं काम निरनिराळ्या कंपन्यांकडे गेलं. आता वारं उलट वाहतंय, २०२४च्या कायद्याने एकेक कंपनी सरकारकडे परत येते आहे. या मार्गावरची मुख्य कंपनी एलएनईआर २०१८पासूनच सरकारी आहे. दुसरी लुमो. ती खासगी आहे, २०२१मध्ये सुरू झाली, तिच्यात एकच वर्ग असतो आणि ती न्यूकॅसल, मॉरपेथ अशा मोजक्याच ठिकाणी थांबते.

प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की एका कंपनीचं स्वस्त तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही. दोन्ही गाड्या एकाच स्थानकातून, कधीकधी अर्ध्या तासाच्या अंतराने सुटतात. घाईत चुकीच्या गाडीत बसणारे दर उन्हाळ्यात भेटतात.

तिकिटांचे प्रकार सोप्या भाषेत सांगाल का?

या मार्गावर एलएनईआरने फेब्रुवारी २०२४पासून प्रकार कमी केले आहेत, त्यामुळे समजायला सोपं झालंय.

'ॲडव्हान्स' सगळ्यात स्वस्त. तारीख, वेळ, गाडी ठरलेली. ती गाडी चुकली की तिकीट संपलं. गाडी सुटायच्या आधी फी भरून वेळ बदलता येते, पण प्रवास रद्द केला तर पैसे परत मिळत नाहीत.

'७० मिनिट फ्लेक्स' म्हणजे गाडी ठरलेलीच, पण तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या ७० मिनिटांतली एलएनईआरची दुसरी गाडीही पकडता येते. घट्ट गाठीऐवजी जरा सैल गाठ.

'एनीटाइम' म्हणजे त्या दिवशीची कोणतीही गाडी. मोकळीक पूर्ण, पण एकेरी तिकीट दोनशे पौंडांच्या घरात जातं. फार गरज नसेल तर हे घेऊ नका.

परतीच्या तिकिटाची वेगळी सवलत शोधत बसू नका. जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन एकेरी तिकिटं काढायची.

तिकीट किती आधी काढावं?

साधारण १२ आठवडे आधी ॲडव्हान्स तिकिटं खुली होतात. ती टप्प्याटप्प्याने विकली जातात. स्वस्त टप्पा संपला की पुढचा महाग टप्पा दिसायला लागतो. म्हणजे तुम्ही आज बघितलेला ४५ पौंडांचा भाव उद्या ७० झाला, तर त्यात कुणी फसवलेलं नसतं, मधल्या वेळात खालच्या टप्प्यातली तिकिटं गेलेली असतात.

माझा सल्ला असा: तारीख पक्की करा, पण वेळेचा हट्ट सोडा. एकाच दिवशी सकाळी सातच्या, दुपारी बाराच्या आणि संध्याकाळी सातच्या गाडीच्या भाड्यात दुपटीचा फरक असू शकतो. मंगळवार-बुधवार बरे. शुक्रवारी दुपारनंतर आणि रविवारी संध्याकाळी सगळा देश प्रवासात असतो.

तिकीट थेट रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावरून काढा. कोणत्याही कंपनीच्या साइटवर सगळ्या कंपन्यांची तिकिटं मिळतात आणि वरकड शुल्क लागत नाही. इतर काही लोकप्रिय ॲप प्रत्येक बुकिंगमागे शुल्क लावतात.

मुंबईहून विमान सकाळी हीथ्रोला उतरतं. त्याच दिवशी दुपारची गाडी घेऊ का?

ॲडव्हान्स तिकिटावर घेऊ नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण आमच्या घरात हे घडलेलं आहे. आई-बाबांचं विमान साडेदहाला उतरणार होतं, मी त्यांच्यासाठी दोनची गाडी घेतली. साडेतीन तास हाताशी होते, पुरतील असं वाटलं. विमानच तीन तास उशिरा आलं. पासपोर्टची रांग, बॅगा, मग पिकॅडिली लाइनवर तासभर. किंग्ज क्रॉसला पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. विमानाचा उशीर हा रेल्वेचा दोष नाही, त्यामुळे तिकिटं बाद. खिडकीवर दोन नवी तिकिटं काढली तेव्हा बाबा रक्कम बघून काहीच बोलले नाहीत. फक्त पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. ते मला अजून आठवतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो: पहिली रात्र लंडनला काढा. ते अगदीच शक्य नसेल, तर लँडिंगनंतर पाच-सहा तास सोडून ७० मिनिट फ्लेक्स घ्या. परतीच्या वेळीही तसंच. ज्या दिवशी विमान, त्या दिवशी एडिनबराहून निघू नका, आदल्या दिवशीच लंडनला या.

रेलकार्ड पाहुण्यांना मिळतं का? घ्यावं का?

मिळतं. रेलकार्ड म्हणजे वर्षभराचं सवलतपत्र. किंमत ३५ पौंड आणि बहुतेक भाड्यांवर एक तृतीयांश सूट. नागरिकत्वाची अट नाही. ६० वर्षांवरच्या कोणालाही सीनियर रेलकार्ड मिळतं, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवायचा.

पण आई-बाबा दोघं कायम बरोबरच फिरणार असतील, तर दोघांची दोन सीनियर कार्डं घेण्याऐवजी एकच 'टू टुगेदर' कार्ड घ्या. ३५ पौंडांत दोघांनाही सूट मिळते. दोघांचे फोटो लागतात, दोघांनी एकत्रच प्रवास करायचा, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. एडिनबराच्या एका जाण्या-येण्यातच कार्डाचे पैसे सहसा वसूल होतात.

मुलं बरोबर असतील तर 'फॅमिली अँड फ्रेंड्स' कार्ड. मोठ्यांना एक तृतीयांश, मुलांना ६० टक्के सूट. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, पण मग त्यांची वेगळी सीट धरता येत नाही. पाच ते पंधरा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट.

कार्ड फोनवर घेतलं असेल तर बॅटरी जपा. तपासनीस आला आणि कार्ड दाखवता आलं नाही, तर सवलतीचं तिकीट ग्राह्य धरत नाहीत.

ब्रिटनबाहेर राहणाऱ्यांसाठी ब्रिटरेल पास असतो. आठवड्यात पाच-सहा शहरं करणार असाल तर त्याचा हिशोब मांडून बघा. नुसत्या लंडन-एडिनबरासाठी आधी काढलेली तिकिटं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतात.

एकाच प्रवासाची दोन तिकिटं काढली की स्वस्त पडतं म्हणतात. हे नियमात बसतं का?

बसतं. लंडन ते यॉर्क एक आणि यॉर्क ते एडिनबरा दुसरं, अशी दोन तिकिटं घेऊन एकाच गाडीत बसून राहता येतं. अट एवढीच, की ती गाडी यॉर्कला थांबली पाहिजे. कधी वीस पौंड वाचतात, कधी काहीच नाही. यॉर्कनंतर सीट बदलावी लागू शकते, म्हणून सामान जास्त असेल किंवा बरोबर वयस्कर माणसं असतील तर मी या भानगडीत पडत नाही.

खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तरेकडे जाताना उजवी बाजू, म्हणजे पूर्वेची. येताना डावी. सीटचं आरक्षण फुकट असतं आणि बुक करताना नकाशावरून निवडता येतं, त्यामुळे हे हातचं सोडू नका. नकाशात काही सीटना खिडकीऐवजी भिंत येते, तेही जरा निरखून बघा.

पहिले दोन तास साधे आहेत. सपाट शेतं, मेंढ्या, पवनचक्क्या. पीटरबरोच्या अलीकडे-पलीकडे झोप काढली तरी चालेल. ग्रँथमच्या दक्षिणेला एक लांब उतार आहे. तिथेच ३ जुलै १९३८ला 'मॅलार्ड' या वाफेच्या इंजिनाने ताशी १२६ मैलांचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनांतला तो विक्रम आजही टिकून आहे. इंजिन यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे, स्थानकापासून चालत काही मिनिटांवर.

जागं राहायचं ते डार्लिंग्टन गेल्यावर. डरमला गाडी उंच कमानींच्या पुलावरून जाते, आणि उजव्या हाताला खाली गाव, त्यावर टेकडी आणि टेकडीवर डरमचं कॅथीड्रल. नऊशे वर्षांहून जुनं आहे ते. दृश्य फार तर अर्धा मिनिट टिकतं, म्हणून फोन आधीच हातात ठेवा. नाहीतर फोन बाजूला ठेवून नुसतं बघा, मी तेच करतो. पंधरा मिनिटांनी न्यूकॅसलच्या आधी टाइन नदी येते आणि उजवीकडे एकामागे एक पूल दिसतात.

खरा प्रवास मात्र न्यूकॅसलनंतर सुरू होतो. ॲलनमथच्या आसपास पहिल्यांदा समुद्र दिसतो, मग लांबवर लिंडिसफार्नचं पवित्र बेट, त्यावरचा छोटा किल्ला. बेरिकला ट्वीड नदीवरचा २८ कमानींचा पूल येतो. रॉबर्ट स्टीफन्सनने बांधलेला हा पूल १८५०मध्ये व्हिक्टोरिया राणीने खुला केला. त्याचं नाव रॉयल बॉर्डर ब्रिज, म्हणून सगळ्यांना वाटतं नदी ओलांडली की स्कॉटलंड आलं. प्रत्यक्षात सीमा अजून पाचेक किलोमीटर पुढे आहे, रुळांच्या कडेला फलक लावलेला आहे. तिथून बर्नमथपर्यंत गाडी अगदी कड्याच्या काठाने जाते. खाली पाणी, मध्ये गवताची एक पट्टी, त्यावर मेंढ्या. गेल्या खेपेला याच टप्प्यावर आईने डबा उघडला होता. दशमीचा तुकडा हातात तसाच राहिला आणि ती खिडकीकडे बघत म्हणाली, "हे तर आपल्या रत्नागिरीसारखं आहे रे, फक्त माड नाहीत."

थंडीत येणाऱ्यांनी वेळ नीट निवडावी. डिसेंबरमध्ये एडिनबरात पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो. दुपारी एकची गाडी घेतलीत तर समुद्राच्या टप्प्यात बाहेर काळोख असेल. सकाळी दहाच्या आधीची गाडी घ्या. जूनमध्ये ही चिंता नाही, रात्री दहापर्यंत उजेड असतो.

फलाट क्रमांक तिकिटावर का नसतो?

कारण तो आयत्या वेळी ठरतो. किंग्ज क्रॉसच्या मोठ्या दालनात इंडिकेटर आहे. त्यावर फलाट सुटण्याच्या दहा-वीस मिनिटं आधी लागतो. तोवर सगळे माना वर करून उभे असतात आणि आकडा लागला की एकदम लोंढा निघतो. घाबरून पळू नका. सीट आरक्षित आहे, ती कुठे जात नाही. डब्यांना अक्षरं असतात आणि सीटच्या वर छोट्या पाटीवर आरक्षण दिसतं.

एक नियम मात्र कडक आहे. सुटण्याच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होऊ शकतात. दहाची गाडी नऊ अठ्ठावन्नला पकडू असा हिशोब धरू नका, आणि इथे धावती गाडी पकडता येत नाही. तिकीट फोनवर असेल तर त्यावरचा चौकोनी कोड गेटला दाखवायचा. आत ओळखपत्र कोणी मागत नाही. स्वच्छतागृह स्थानकात फुकट आहे.

सामान किती नेता येतं?

वजन कोणी करत नाही. दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली, एवढं माणशी चालतं. लुमोच्या अटी जरा कडक आहेत, त्यांच्या साइटवर मापं बघून घ्या. मोठ्या बॅगांसाठी डब्यात कप्पे असतात आणि ते लवकर भरतात. भारतातून आणलेल्या २३ किलोच्या चार बॅगा घेऊन एडिनबराला जाऊ नका. त्या लंडनला नातेवाइकांकडे ठेवा किंवा स्थानकातल्या सामानघरात.

घरचं खाणं चालतं का? शाकाहारी काय मिळतं?

खुशाल न्या. गाडीत कॅफे आहे. चहा, सँडविच, एखादा शाकाहारी पदार्थ मिळतो, पण पोटभर जेवण धरून चालू नका. दशम्या, कोरडी चटणी, शंकरपाळी, लाडू हे उत्तम. लसणाच्या फोडणीच्या भाजीचा आणि लोणच्याचा वास गाडीच्या बंद डब्यात जरा दूरवर पसरतो, तेव्हा शेजाऱ्यांचा विचार करा. 'क्वाएट कोच'मध्ये सीट मिळाली असेल तर फोनवर बोलायला दोन डब्यांच्या मधल्या जागेत जायचं. चार्जिंगला इथला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, आपला बसत नाही.

वाटेत यॉर्कला उतरून पुढची गाडी घेता येईल का?

ॲडव्हान्स तिकिटावर नाही. मध्येच उतरणं किंवा पुढच्या स्थानकावरून चढणं, दोन्हींना बंदी आहे. यॉर्क बघायचंच असेल तर दोन वेगळी तिकिटं आधीपासून काढा. आणि जमलं तर नक्की बघा, सहा तास पुरतात.

गाडी रद्द झाली किंवा उशीर झाला तर?

इथे मात्र ॲडव्हान्सवालाही सुरक्षित आहे. गाडी रद्द झाली आणि तुम्ही जायचंच नाही असं ठरवलं, तर पूर्ण पैसे परत. जायचं असेल तर त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीत बसू देतात. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या.

उशिरा पोचलात तर भरपाई मिळते, तिला 'डिले रीपे' म्हणतात. काही कंपन्या १५ मिनिटांपासून, काही ३० मिनिटांपासून देतात. एका तासाहून जास्त उशीर झाला तर एकेरी तिकिटाचे सगळे पैसे. पण मागितल्याशिवाय बहुधा कोणी देत नाही. २८ दिवसांत ऑनलाइन अर्ज करावा लागतो, तिकिटाचा फोटो जोडून. पाहुणे मंडळी भारतात परत गेली की हे विसरतात. तुम्ही त्यांच्यासाठी त्याच संध्याकाळी अर्ज भरून टाका.

आईला फार चालवत नाही. मदत मिळते का?

मिळते, आणि पूर्ण फुकट. 'पॅसेंजर असिस्ट' नावाची सेवा आहे. प्रवासाच्या किमान दोन तास आधी फोन किंवा ॲपवरून सांगायचं. व्हीलचेअर, गाडीत चढायला रॅम्प, सामानाला हात, उतरायच्या स्थानकावर घ्यायला माणूस, सगळं त्यात येतं. आपली माणसं "कशाला उगाच त्रास" म्हणून नको म्हणतात. तुम्ही विचारत बसू नका, नोंदवून टाका. वेव्हर्लीसारख्या पसरलेल्या स्थानकात त्याचा फार आधार होतो.

रात्रीची गाडी कशी आहे?

कॅलेडोनियन स्लीपर युस्टनहून रात्री बाराच्या आत निघते आणि सकाळी साडेसातच्या आसपास पोचवते. शनिवारी रात्री नसते. खोलीचं भाडं बऱ्यापैकी महाग आहे, नुसत्या खुर्चीचं कमी. अनुभव म्हणून छान, पण समुद्र दिसत नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी दिवसाचीच गाडी सांगतो.

कोणते दिवस टाळावेत?

२५ डिसेंबरला गाड्या धावतच नाहीत, २६ला जवळजवळ नाहीत. ऑगस्टमध्ये एडिनबरात महोत्सव असतात, तेव्हा तिकिटं आणि हॉटेलं दोन्ही भडकतात. नववर्षाच्या आसपासही तेच. रविवारी आणि बँक हॉलिडेच्या सुट्ट्यांत रुळांची कामं काढतात आणि काही टप्पा बसने जावं लागतं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नॅशनल रेलच्या साइटवर एकदा बघून घ्याच.

वेव्हर्लीला उतरल्यावर कुठे जायचं?

स्थानक जुन्या आणि नव्या शहराच्या मधल्या दरीत आहे, त्यामुळे बाहेर पडायचं म्हणजे वर चढायचं. वेव्हर्ली स्टेप्सच्या बाजूने सरकते जिने आहेत, ते थेट प्रिन्सेस स्ट्रीटला नेतात. तिथे वाऱ्याचा पहिला झोत तोंडावर येतो, म्हणून स्वेटर बॅगेत न ठेवता हातात ठेवा. विमानतळाची ट्रॅम तिथूनच जवळ मिळते. हॉटेल शहराच्या पश्चिमेला असेल आणि तुमची गाडी पुढे जात असेल तर हेमार्केट स्थानक सोयीचं.

वर आलात की समोरच बॅलमोरल हॉटेलचा मनोरा दिसेल. त्यावरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. वर्षातून एकदाच, ३१ डिसेंबरच्या रात्री, ते बरोबर लावतात. परतीच्या दिवशी त्याच्याकडे बघून धावपळ करू नका, पण ती तीन मिनिटं जिना उतरायला उपयोगी पडतात.